थळचा कोळीवाडा व खांदेरीचा तट

१. खानदेशातील मनुष्याने कोकण किनाऱ्यावरील एका कोळीवाड्याविषयी लिहावे, हे प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. म्हणून प्रस्तुत लेखकाची या विषयाशी गाठ कशी पडली, ते आरंभीच सांगणे बरे. एरंडोलच्या शेजारचे धरणगाव हे सतराव्या शतकात कापडाच्या व्यापाराचे भरभराटलेले ठिकाण होते. इंग्रजांनी १६७४ त तेथे वखार घातली. पुढच्याच वर्षी, १६७५ त, शिवाजी महाराजांच्या फौजेने ती लुटली. १६७९ त धरणगाव पुन्हा लुटले गेले. आणि त्यानंतर सहा वर्षांनी, संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत, ते लुटून जाळण्यात आले. आमच्या तालुक्याच्या इतिहासातील ह्या तीन प्रसंगांचा मागोवा घेण्यासाठी सुरतकर इंग्रजांच्या पत्रव्यवहाराची छापील पुस्तके चाळत असता, १६७९ च्या पत्रांत धरणगावच्या जोडीने दुसरेच एक नाव पुनःपुन्हा दृष्टीस पडू लागले. ते नाव ‘केनरी’. प्रथम मला वाटले की, ही साष्टीतील कान्हेरीची लेणी असावी, कारण इंग्रजी लेखनात तीही ह्याच अक्षरांनी लिहिलेली आढळतात. परंतु लेण्यांभोवती जहाजे कशी फिरतील? संदर्भ लावून पाहता ‘केनरी’ म्हणजे खांदेरी व तिच्या शेजारची ‘हेनरी’ म्हणजे उंदेरी, हे ध्यानात आले. धरणगावची वखार व मुंबईचे बेट ही दोन्ही सुरतेच्या एकाच कौन्सिलाच्या हुकमतीखाली असल्यामुळे एका वर्षाची ही दोन संकटे एकाच पत्रव्यवहारात येऊन बसली होती. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरातही कुलाबा जिल्हा अकराव्या खंडात व खानदेश बाराव्या खंडात आहे. कपाटातील हा शेजार मी शिक्षकी पेशात असता अनेक वर्षे पाहत होतो. त्याचा अर्थ निवृत्तीनंतर कळला.

२. खांदेरीच्या हकिकतीत ज्या किनाऱ्याचा संबंध सतत येतो, तो किनारा थळ या गावाचा. ‘थळ’ म्हटले म्हणजे आम्हां खानदेशी लोकांस रेल्वेने मुंबईस जाताना कसाऱ्याजवळ उतरावा लागणारा थळघाट आठवतो. त्या थळाशी या थळाचा संबंध नाही. दोन्ही नावे संस्कृत ‘स्थल’ शब्दापासून आली असावीत इतकेच त्यांचे नाते. आणि स्थल म्हणजे नुसती जागा असल्यामुळे अशी नावे जागोजागी असणे स्वाभाविकच आहे. आपले थळ अलिबागच्या उत्तरेस, अष्टागर म्हणतात त्या माडापोफळींच्या पट्ट्यात, समुद्राला लागून आहे. जिल्ह्याचे नाव पूर्वी कुलाबा असे. १९८१ पासून ते रायगड झाले. किनाऱ्यावर उभे राहिले असता समोर दोन बेटे दिसतात. जवळची ती उंदेरी. तिच्या पलीकडची, थोडी मोठी व उंचवट्याची, ती खांदेरी. मुंबईच्या दक्षिण टोकापासून खांदेरी सुमारे सहा-सात कोसांवर आहे. मुंबईच्या बंदरात दक्षिणेकडून शिरणारे जहाज तिच्या नजरेतून सुटत नाही, आणि ह्या एका गोष्टीतच तिचा पुढील सर्व इतिहास साठविलेला आहे.

३. ह्या इतिहासातील मोठी नावे सर्वांस ठाऊक आहेत. शिवाजी महाराजांची आज्ञा, मायनाक भंडारी व दौलतखान यांचा पराक्रम, इंग्रजांकडील मिंचिन व केग्विन, जंजिऱ्याचा सिद्दी कासम, ही नावे कोणत्याही चांगल्या ग्रंथात मिळतात. परंतु जो तट खांदेरीवर उभा राहिला, त्याचे सामान समुद्रातून कोणी नेले? इंग्रजांची जहाजे बेटाभोवती पहारा करीत असता रात्रीच्या रात्री धान्य व दारूगोळा कोणी पोहोचविला? त्या खलाशांची, तांडेलांची व नाखव्यांची यादी माझ्या पाहण्यात कोठेही आलेली नाही. मासेमारी करणाऱ्या गावाने आपणहून इतिहास लिहून ठेवावा, ही अपेक्षाच व्यर्थ होय. त्याचे व्यवहार तोंडी, त्याच्या जागा पाण्यावर, आणि त्याच्या मालमत्तेस पाच-पंचवीस वर्षांत वाळवी किंवा समुद्र खाऊन टाकणार. अशा गावाचा इतिहास लिहिण्यास साधन कोणते, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे. माझे उत्तर असे की, शत्रूच्या कागदांतील तारखा नीट शोधून त्यांस आपल्या तिथी लावल्या, आणि त्या तिथींस भरती-ओहोटी व वारा यांची जोड दिली, तर जे नाव कागदावर नाही त्याचे काम तरी कागदावर दिसू लागते.

४. प्रथम हकिकत संक्षेपाने सांगतो. सिद्दीचे आरमार पावसाळ्यात मुंबईच्या आश्रयास येऊन राही व तेथून मराठ्यांच्या मुलखास उपद्रव करी. त्यावर नजर ठेवण्यास व इंग्रजांसही धाकात ठेवण्यास खांदेरीसारखी दुसरी जागा नव्हती. १६७२ त तेथे तटबंदी करण्याचा पहिला प्रयत्न झाला. परंतु इंग्रज व सिद्दी यांची जहाजे आडवी आल्यामुळे तो सोडून द्यावा लागला. दुसरा प्रयत्न १६७९ त झाला. त्या वर्षीच्या ऑगस्टच्या अखेरीस मायनाक भंडारी दीडशे माणसे व चार लहान तोफा घेऊन बेटावर उतरला आणि दगडाचा तट घालू लागला. इंग्रजांनी ‘हे बेट मुंबईचे आहे, सोडून जा’ असा निरोप पाठविला. आपल्या धन्याच्या हुकमावाचून जागा सोडता येत नाही, असे त्यास उत्तर मिळाले. मग इंग्रजांनी बेटाची नाकेबंदी केली. १९ सप्टेंबर रोजी लेफ्टनंट थॉर्प याने बेटावर उतरण्याचा प्रयत्न केला, त्यात तो मारला गेला. १८ ऑक्टोबर रोजी पहाटेस दौलतखानाचे आरमार एकाएकी किनाऱ्यावरून निघून इंग्रजांच्या जहाजांवर चालून आले. इंग्रजांची लहानमोठी आठ जहाजे होती. मराठ्यांची गलबते चाळीसांवर होती. नांगर उचलण्यासही इंग्रजांस पुरती सवड मिळाली नाही. अर्ध्या तासाच्या आत ‘डव्ह’ नावाची गुराब मराठ्यांच्या हाती पडली. परंतु ‘रिव्हेंज’ या जहाजावर मिंचिन व केग्विन होते. त्यांनी तोफांचा मारा करून बाजू सावरली, मराठ्यांची काही गलबते बुडविली व उरलेल्या आरमारास नागोठण्याच्या खाडीपर्यंत रेटीत नेले. म्हणजे त्या दिवसाची लढाई इंग्रजांनी निभावून नेली असेच म्हणावे लागते.

५. तथापि लढाई निभावून बेट हाती आले नाही. नोव्हेंबरात सिद्दी कासमचे आरमारही इंग्रजांस येऊन मिळाले. तरी रात्री लहान गलबते बेटावर जात, सामान उतरीत आणि परत येत. मोठ्या जहाजांना ती अडविता येत नव्हती, आणि ही तक्रार इंग्रजांच्याच पत्रांतून वाचावयास मिळते. शेवटी १६८० च्या आरंभी इंग्रजांनी आपली जहाजे काढून घेतली व मराठ्यांशी सलोखा केला. खांदेरीचा तट उभा राहिला तो असा. रणांगणावरील जयापजयापेक्षा रात्रीच्या खेपा अधिक निर्णायक ठरल्या, हे यावरून स्पष्ट आहे. खेपा घालणारे हात मात्र अज्ञातच राहिले.

६. ही हकिकत वाचून झाल्यावर मी एकदा थळास गेलो. किनाऱ्यावर जाळे विणीत बसलेल्या एका वृद्ध नाखव्यांशी बोलणे निघाले. मी त्यांस मोठ्या आढ्यतेने सांगितले की, समोरच्या ह्या पाण्यात १८ ऑक्टोबर १६७९ रोजी पहाटेस मोठी लढाई झाली. त्यांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले व विचारले, “मास्तर, तिथी कोणती होती?” मला ती सांगता आली नाही. चाळीस वर्षे संस्कृत शिकविलेल्या, पंचांग वाचता येणाऱ्या मनुष्यास ही नामुष्कीची गोष्ट होती. नाखव्यांस तारखेचा उपयोग नव्हता. तिथी कळली असती तर पाणी किती होते, चंद्र केव्हा उगवला आणि वारा कोठून होता, हे त्यांनी तेथल्या तेथे सांगितले असते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास समुद्रास उधाण असते. अष्टमी-दशमीच्या सुमारास भरती-ओहोटीचा जोर मोडलेला असतो, त्यास कोळी लोक भांग म्हणतात. रात्री उशिरा व पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा तो मतलई वारा. दुपारी समुद्रावरून येणारा तो खारा वारा. एवढी सामग्री ज्याच्या जिभेवर आहे, त्याच्यापाशी तिथी घेऊन गेल्यावाचून समुद्रावरील लढाईचा विचार करणे व्यर्थ, हा धडा मी तेथे शिकलो.

७. आता तिथी काढू. येथे वाचकांनी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. त्या काळचे इंग्रज जुन्या, म्हणजे ज्युलियन गणनेने तारखा लिहीत. सतराव्या शतकात ती गणना आजच्या गणनेच्या दहा दिवस मागे होती. म्हणून इंग्रजांची १८ ऑक्टोबर ही आजच्या गणनेने २८ ऑक्टोबर होते. ताळा पाहण्यासाठी सर्वपरिचित अशी एक तिथी घ्यावी. शिवाजी महाराजांचे निधन शके १६०२ चैत्र शुद्ध पौर्णिमेस झाले. त्या दिवसाची जुन्या गणनेची तारीख ३ एप्रिल १६८० अशी आहे. १८ ऑक्टोबरपासून ३ एप्रिलपर्यंत १६८ दिवस होतात (१६८० हे प्लुत वर्ष होते, हे विसरू नये). पाच चांद्रमासांचे सुमारे १४८ दिवस. ते वजा करता चैत्र पौर्णिमेपासून मागे कार्तिकी पौर्णिमा येते व वीस दिवस उरतात. कार्तिकी पौर्णिमेच्या वीस दिवस आधीची तिथी म्हणजे आश्विन वद्य अष्टमी किंवा नवमी. तेव्हा ही लढाई शके १६०१, सिद्धार्थी संवत्सर, आश्विन वद्य अष्टमी-नवमीच्या सुमारास झाली. मध्यम मानाने केलेल्या या गणितात एका तिथीचा फरक पडू शकतो. त्याने पुढील विवेचनास बाध येत नाही.

ह्याच रीतीने पाहता थॉर्प ज्या दिवशी मारला गेला, ती १९ सप्टेंबर ही तारीख बरोबर २९ दिवस अगोदरची. म्हणजे भाद्रपद वद्य अष्टमी-नवमीचाच सुमार. आणि त्या वर्षीची नारळी पौर्णिमा जुन्या गणनेने ऑगस्टच्या अकराव्या तारखेच्या आसपास पडते. मायनाक बेटावर उतरला तो ऑगस्टच्या अखेरीस. म्हणजे नारळी पौर्णिमा होऊन सुमारे पंधरवडा लोटला होता व भाद्रपद लागत होता.

८. ह्या तीन तिथींवरून काय निघते, ते आता सांगतो. निश्चित काय व अनुमान काय, हे वेगळे ठेवण्याचा मी प्रयत्न केला आहे.

पहिली गोष्ट निश्चित आहे. ‘ऑगस्टच्या अखेरीस’ हे शब्द वाचणाऱ्यास वाटते की, मायनाक भर पावसाळ्यात, समुद्र खवळलेला असता, बेटावर गेला. काही लेखकांनी ह्या साहसाचे वर्णनही तसे केलेले आहे. परंतु दहा दिवसांची दुरुस्ती करता तो सप्टेंबरचा पहिला पंधरवडा ठरतो. नारळी पौर्णिमेस नारळ अर्पण करून कोळी लोक आपल्या होड्या पुन्हा पाण्यात लोटतात. त्यानंतर लगेच ही मोहीम निघाली. मोठी जहाजे अद्याप बंदरात विसावलेली असता किनाऱ्यावरचे मचवे व पडाव तेवढे चालू झालेले असतात, असा तो अवधी असतो. मुहूर्त कोणी सुचविला हे कागदावरून सांगता येत नाही. परंतु तो कोळ्यांच्या पंचांगातील मुहूर्त आहे, एवढे निःसंशय.

दुसरी गोष्ट अनुमानाची आहे. वद्य अष्टमी-नवमीस चंद्र मध्यरात्रीच्या पुढे उगवतो व पहाटेस आकाशात असतो. म्हणजे आरमाराची जमवाजमव अंधारात होऊ शकते, आणि निघण्याच्या वेळी वाट दिसण्यापुरता उजेड मिळतो. पाण्यास भांग असल्यामुळे प्रवाहाचा जोर नसतो. वल्ही मारणाऱ्यास ते सोयीचे. शिवाय पहाटेचा मतलई वारा किनाऱ्यावरून निघणाऱ्याच्या पाठीशी असतो. उलट नांगरून पडलेल्या शिडाच्या जहाजास असा मंद वारा निरुपयोगी. इंग्रजांस नांगर उचलण्याची सवड मिळाली नाही, याचे कारण त्यांच्या गाफीलपणापेक्षा ह्या योगात अधिक असावे. आणि दिवस वर आल्यावर समुद्राकडून वारा सुटला असेल, तर ‘रिव्हेंज’ने मराठी आरमारास ईशान्येकडे नागोठण्याच्या खाडीपर्यंत कसे रेटले, याचाही उलगडा होतो. वाऱ्याची त्या दिवसाची नोंद माझ्यापुढे नाही. म्हणून हे अनुमान मी अनुमान म्हणूनच मांडतो. एखाद्या अभ्यासकास जहाजावरील रोजनिशीत वाऱ्याचा उल्लेख मिळाल्यास त्याने हे खोडावे किंवा पक्के करावे.

तिसरी गोष्ट रात्रीच्या खेपांची. गुराब व गलबत ही लढाऊ जातीची. शिबाड हे मोठ्या मालाचे. परंतु मचवा, पडाव व होडी ही उथळ पाण्यात, खडकांच्या जवळून चालणारी. थळ, उंदेरी व खांदेरी यांच्या दरम्यान कोठे खडक आहे, कोणत्या तिथीस त्यावर किती पाणी येते, हे तेथे पिढ्यान्‌पिढ्या जाळी टाकणाऱ्यावाचून कोणास कळणार? हे ज्ञान साताऱ्याहून किंवा रायगडाहून हुकूम पाठवून निर्माण होत नाही. दौलतखानास व मायनाकास ते मिळाले ते ह्या किनाऱ्याच्या कोळी व भंडारी लोकांकडून, असे म्हणण्यास मला संकोच वाटत नाही. डोल जाळ्याचे खुंट समुद्राच्या तळाशी ठोकताना ज्यांनी पाणी मोजले, त्यांनीच ह्या वेढ्यात इंग्रजांचे पाणी जोखले.

९. तट उभा राहिल्यावर थळास सुख लागले असेल, अशी कल्पना कोणी करू नये. १६८० च्या जानेवारीत सिद्दीने उंदेरी बळकावली व तीवर आपला तट घातला. समोर एका बेटावर मराठे व दुसऱ्यावर सिद्दी, आणि त्यांच्या पुढ्यात हे गाव. संभाजी महाराजांच्या कारकिर्दीच्या आरंभी सुमारे दोनशे माणसे उंदेरीवर उतरवून ती घेण्याचा प्रयत्न झाला, तो फसला. कान्होजी आंग्रे यांच्या काळी खांदेरी त्यांच्या आरमाराचे बळकट ठाणे होते. १७१८ त मुंबईचा गव्हर्नर बून याने मोठे आरमार पाठवून ती घेऊ पाहिली, पण त्यास माघारी जावे लागले. उंदेरी मराठ्यांच्या हाती आली ती १७६० च्या सुमारास. म्हणजे जवळजवळ ऐंशी वर्षे थळच्या कोळ्याने होडी लोटली ती दोन शत्रूंच्या तोफांच्या माऱ्यात. कोणत्या वर्षी कोणाचे जाळे गेले, कोण बंदिवान झाला, कोणाची होडी वेठीस लागली, ह्याचा हिशेब कोणत्याही बखरीत नाही. पुढे १८४० त आंग्र्यांचे कुलाबा संस्थान इंग्रजांनी खालसा केले. १८६७ त खांदेरीवर दीपगृह झाले. ज्या बेटाने इंग्रजांची जहाजे अडविली, तेच आता त्यांस वाट दाखवू लागले. अगदी अलीकडे, १९८५ पासून, थळचे नाव देशभर ऐकू येते ते खतांच्या कारखान्यामुळे. आणि २०२५ च्या जुलै महिन्यात मराठ्यांच्या बारा दुर्गांस जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत खांदेरीचाही समावेश झाला. त्याच यादीत आमच्या बाजूचा बागलाणातील साल्हेर आहे, हे आम्हां लोकांस विशेष समाधानाचे.

ह्या सर्व उलथापालथीत एक वस्तू मात्र टिकून राहिली. खांदेरीवर वेताळाचे स्थान आहे व कोळी लोकांची त्यावर मोठी श्रद्धा आहे. राज्ये आली व गेली, तरी होडी घेऊन बेटावर जाण्याचा त्यांचा हा हक्क चालत आला. लिखित सनदेवाचून टिकलेला हा एक प्रकारचा वतनहक्कच म्हणावयाचा.

१०. आता संग्राहक मंडळींस थोडी विनंती करावयाची आहे, व ती करण्यापूर्वी माझा स्वतःचा एक अपराध कबूल करणे भाग आहे. एरंडोल हे गाव एके काळी जाड देशी कागदासाठी प्रसिद्ध होते. कागदी लोकांनी येथे केलेल्या कागदावर पुष्कळ हिशेब लिहिले गेले असतील. मी नुकताच शिक्षक झालो असता, एका परिचित घराच्या माळ्यावरून निघालेले दप्तर, ‘तुम्हांस संस्कृत येते’ म्हणून माझ्यापुढे ठेवण्यात आले. त्यात दोन पोथ्या होत्या. त्या मी मोठ्या आदराने ठेवून घेतल्या. बाकीचे मोडी हिशेबाचे बंद होते. दोन-चार उलटून पाहिले. गाडीवानांची नावे, गोण्यांचे आकडे, जकात, भाडे. शिक्का नाही, कोण्या सरदाराचे नाव नाही. ‘यात इतिहास काही नाही’ असे सांगून मी ते परत केले. काही वर्षांनी ते रद्दीत गेल्याचे कळले. पोथ्या तपासल्या, तेव्हा दोन्हींची छापील प्रत बाजारात मिळते असे निघाले. आज धरणगावच्या पेठेतील मालाची ने-आण कोण करीत होते, हे शोधू लागलो तर मला एकही नाव सापडत नाही. आणि कदाचित ती नावे माझ्याच हातांतून गेली असतील. थळच्या खलाशांची यादी कोठे मिळत नाही म्हणून हळहळताना मला हे दप्तर आठवल्यावाचून राहत नाही. तेथील यादीही कोणा विद्वानानेच ‘यात इतिहास काही नाही’ म्हणून परत केली नसेल कशावरून?

११. किनाऱ्यावरील गावांच्या कागदांस किंमत असते, याचे उदाहरण आपल्या डोळ्यांपुढे आहे. ‘महिकावतीची बखर’ ही उत्तर कोकणातील लहानसहान गावांची, वस्त्यांची व कुळांची हकिकत सांगणारी. तिचे महत्त्व ओळखून इतिहासाचार्य राजवाडे यांनी ती १९२४ त विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केली. एरव्ही ती कुलवृत्तांत म्हणून बासनातच राहिली असती. राजवाडे यांचा देह आमच्या खानदेशात, धुळ्यास, १९२६ च्या अखेरच्या दिवशी पडला, व त्यांचे दप्तर तेथील संशोधन मंडळाने सांभाळले. तेव्हा किनाऱ्याच्या कागदांची राखण खानदेशाने करावी, यात नवे काही नाही.

म्हणून विनंती अशी की, अष्टागरातील किंवा कोणत्याही किनाऱ्यावरील घरांतून दप्तर हाती आल्यास, दस्तके, जकातीच्या पावत्या, होड्यांच्या व खलाशांच्या याद्या, जाळ्यांच्या जागांविषयीचे तंटे व महजर, हे कागद राजपत्रांच्या बरोबरीने जतन करावे. कागद ज्या घरी व ज्या गावी मिळाला, त्याची नोंद त्याच दिवशी करावी. दप्तर एकदा विस्कटले की ती पुन्हा करता येत नाही. तारीख असल्यास ती कोणत्या गणनेची, हे ठरविल्यावाचून छापू नये. दहा दिवसांच्या चुकीने भांगाचे उधाण होते आणि आश्विनातील समुद्र भाद्रपदात ढकलला जातो. आणि शक्य असेल तेथे त्या गावच्या वृद्ध नाखव्यांस कागद वाचून दाखवावा. जहाजाच्या नावाचा, जाळ्याच्या प्रकाराचा किंवा पाण्याच्या खुणेचा जो शब्द आपण ‘दुर्बोध’ म्हणून कंसात टाकतो, तो त्यांच्या रोजच्या बोलण्यातील असण्याचा पुष्कळ संभव आहे.

१२. थळास मी पुन्हा गेलो, तेव्हा काढलेली तिथी लिहून बरोबर नेली होती. आश्विन वद्य अष्टमी-नवमी, पहाटेची वेळ, असे सांगताच नाखव्यांनी बेटाकडे पाहून हाताने दिशा दाखविली व ‘मग ते ह्या अंगाने गेले असतील’ असे म्हटले. ती दिशा इंग्रजांच्या हकिकतीशी जुळते. हा पुरावा म्हणून कोणी मानू नये. मीही मानीत नाही. परंतु पुरावा कोणत्या अंगाने शोधावा, हे मला त्यावरून कळले, आणि अन्य अभ्यासकांसही ते उपयोगी पडावे म्हणून हा लेख त्यांच्यापुढे ठेवला आहे. यात गणिताची किंवा अर्थाची चूक आढळल्यास ती दाखवून देणाऱ्याचा मी ऋणी होईन.